वाघधरे यांचा डावा कान

सुहास वाघधरे यांची आणि माझी पहिली भेट दाराच्या फटीतून झाली. इकडे लंडनच्या हाउन्सलो भागात घरांच्या दारांना खालच्या बाजूला पितळी झाकणाची एक आडवी फट असते. पोस्टमन तिच्यातून पत्रं आत सरकवतो. शेजारच्या घराचं एक पार्सल चुकून आमच्याकडे आलं होतं. पाकिटावर वाघधरे हे नाव वाचून मला आनंद झाला, म्हणून मी स्वतः द्यायला गेलो आणि बेल वाजवून मोठ्याने मराठीत विचारलं, "वाघधरे आहेत का?" दार उघडलं नाही. माझ्या गुडघ्यापाशी ते झाकण खाडकन वर गेलं आणि आत दोन डोळे दिसले. डोळे माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. बुटांकडे बघत होते.

"थेट विचारतो, राग मानू नका," फटीतून आवाज आला. "हे बूट कुठल्या खात्याचे?"

मी म्हणालो, खात्याचे नाहीत, सेलमधले आहेत. मग मला पार्सल पायरीवर ठेवून फाटकापर्यंत मागे जायला सांगण्यात आलं. मी गेलो. स्वतःच्या चांगुलपणाचा त्या क्षणी मला फार राग येत होता. दार चार बोटं उघडलं, एक हात बाहेर आला, पार्सल आत गेलं आणि कडी लागली. कडीच्या पाठोपाठ साखळी लागली आणि त्यानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

घरी येऊन मी बायकोला, मानसीला, सांगितलं की शेजारी कोणीतरी फरार मराठी माणूस राहायला आलाय. ती भाजी चिरत होती, ती थांबली. म्हणाली, "वाघधरे म्हणजे दादासाहेब?" आणि मग मलाही तो आवाज आठवला.

एके काळी हा आवाज महाराष्ट्रातल्या घराघरात जेवणाच्या वेळी ऐकू यायचा. त्याआधी बरीच वर्षं वाघधरे सिनेमात खलनायकाच्या धाकट्या भावाचं काम करत. हा भाऊ मध्यंतराच्या आत गोळी लागून मरतो. मरायचं काम ते इतकं मन लावून करत की पुढे त्यांना कोणी दुसरं काम देईना. मग एका मालिकेत ते दादासाहेब झाले. शांत, सोशिक, सगळ्यांचं ऐकून घेणारे थोरले भाऊ. मानसीच्या आईने तर दादासाहेबांच्या स्वभावाकडे बघून मला जावई म्हणून नापास केलं होतं, म्हणजे तसं तिने बोलून दाखवलं नाही, पण मला ते कळत होतं.

आणि मग आला तो गप्पांचा कार्यक्रम, ज्याने त्यांचं नाव केलं आणि घरही घालवलं. पाहुण्याला ऐसपैस सोफ्यावर बसवायचं, चहा द्यायचा, लहानपणच्या आठवणी काढायच्या, आवडतं गाणं म्हणायला लावायचं. पाहुणा सैल झाला, कप खाली ठेवू लागला, की वाघधरे पुढे वाकून म्हणणार, "थेट विचारतो, राग मानू नका." नंतर येणाऱ्या प्रश्नाने पाहुण्याचा चहा घशात अडकायचा. उत्तर खोटं वाटलं तर ते वाद घालत नसत. नुसतं मान हलवून म्हणत, "नोंद घेतो." हे दोन शब्द पुढे लग्नात, ऑफिसात, रिक्षावाल्यांशी भांडताना लोक वापरू लागले.

एकदा त्या सोफ्यावर एक बडे नेते येऊन बसले. त्यांची सांगली-मिरजेकडे मोठी शिक्षणसंस्था होती. त्यांनी भावगीत म्हटलं, आईच्या आठवणीने डोळे पुसले आणि कप खाली ठेवला. वाघधऱ्यांनी विचारलं की तुमच्या संस्थेच्या वसतिगृहातली मुलं रात्री जेवायला शेजारच्या देवळात का जातात. नेते हसले. म्हणाले, मुलं भाविक आहेत. वाघधरे म्हणाले, "नोंद घेतो." पुढच्या आठवड्यात कार्यक्रम बंद झाला. मग ज्या गावांची नावंही त्यांनी ऐकली नव्हती तिथल्या पोलीस ठाण्यांत त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, नाटकाच्या प्रयोगात खुर्च्या फेकल्या गेल्या, फ्लॅटच्या दाराला कोणी काळं फासलं. त्याच सुमारास ते एका मराठी मंडळाच्या नाट्यप्रयोगासाठी लंडनला आले होते. इथे असतानाच निरोप आला की विमानतळावर उतरलात की उचलणार. बाकीचे नट परत गेले. हे राहिले.

ही झाली त्यांची बाजू. मला ती पहिल्यापासून संशयास्पद वाटत होती, आणि मी एकटाच नव्हतो. आमच्या मंडळात कोणी सांगे की हा निर्मात्याला टोपी घालून पळालाय. वॉटफर्डचे एक जोशी ठामपणे म्हणत की काम मिळेना म्हणून व्हिसासाठी रचलेली ही गोष्ट आहे. एका बाईंचं मत याच्याही पुढे गेलं होतं. हा माणूस मुळात तिकडच्यांनीच पाठवलेला आहे, म्हणाल्या, इथल्या आपल्या लोकांवर नजर ठेवायला. आपल्यावर नजर ठेवून कोणाला काय मिळणार, हा प्रश्न कोणाला पडला नाही. उलट त्या दिवसापासून सगळे जरा जपून बोलू लागले.

मी शेजारी असल्यामुळे माहिती काढायची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. मीही ती मनापासून पार पाडली. वाघधरे घराजवळच्या बस-स्टॉपवर कधी उतरत नसत. पुढच्या स्टॉपला उतरून, पेट्रोल पंपाला वळसा घालून, मागच्या गल्लीने चालत येत. कौन्सिलच्या रिसायकलिंगच्या डब्यात ते प्रत्येक पाकिटावरचं नाव फाडून मगच पाकीट टाकत आणि फाडलेले कपटे स्वयंपाकघरात भिजवून त्यांचा लगदा करत. आम्ही दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली तेव्हा तर त्यांनी मला रस्त्यात अडवलं आणि तिची लेन्स कुठली, आवाज कुठपर्यंत पकडते, रेकॉर्डिंग कोण बघतं, हे सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "नोंद घेतो." त्यानंतर आमच्या दारावरून जाताना ते रोज क्षणभर थांबत, केसांवरून हात फिरवत आणि आपली उजवी बाजू कॅमेऱ्याला देऊन पुढे जात. माझ्या फोनवर त्यांच्या उजव्या बाजूचं एवढं चित्रीकरण साठलं होतं की कोणी मागितलं असतं तर एक मालिका निघाली असती.

डावी बाजू मात्र कधी दिसायची नाही. गळ्यात एक मरून मफलर असे, आणि तो डाव्या कानावरून घट्ट आवळून घेतलेला असे. जुलैत, लोक बागेत उघडे पडलेले असतानाही तो मफलर तसाच. माझी खात्री झाली की त्या कानात काहीतरी आहे. मानसीला मी सांगितलं की यंत्र बसवलंय, आपलं बोलणं टिपतं. ती म्हणाली की आपलं बोलणं टिपून त्यात दूध संपलंय याशिवाय काय सापडणार.

मानसीचं आणि त्यांचं वेगळंच होतं. ती एकदा थालीपिठं घेऊन गेली. झाकण वर गेलं, डोळे दिसले. तिच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. दार लगेच उघडलं. सपाता घालून कोणी तपासाला येत नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं म्हणे. तिला ते पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत, माझ्याशी मात्र 'तुम्ही', आणि हाक मारायची तर 'बँकवाले', कारण मी एका बँकेचं सॉफ्टवेअर बघतो. मी एकदा गमतीने म्हणालो की मलाही तू म्हणा, मी तिच्यापेक्षा फार मोठा नाही. त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले की तुमची चौकशी अजून पूर्ण झालेली नाही.

क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत आश्रयाच्या अर्जासाठी त्यांची मुलाखत झाली होती, तिची हकीकत मानसीनेच मला सांगितली. अधिकारी बाई शांत होत्या, सोबतीला मराठी दुभाषा होता. वाघधऱ्यांना बाईंचा नाही, दुभाष्याचा संशय आला. त्यांनी पुढे वाकून त्यालाच थेट विचारायला सुरुवात केली. गाव कुठलं, मामा काय करतात, शेवटचं मत कुणाला दिलं. दुभाषा बिचारा उत्तरं देत बसला. शेवटी बाईंनी आठवण करून दिली की मुलाखत त्यांची आहे. पुढे यथावकाश त्यांना इथे राहायची परवानगी मिळाली, मात्र भारतात जायचा रस्ता बंद झाला. मग त्यांनी विमानतळाजवळच्या एका शेडमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायचं काम धरलं. मुंबईच्या विमानाचे ट्रे आले की ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत, असं त्यांच्याबरोबर काम करणारा एक पंजाबी मला सांगत होता. मी अर्थात त्याचाही वेगळा अर्थ लावला.

मंडळाने एका गणपतीत त्यांना सूत्रसंचालनाला बोलावलं. मीच शिफारस केली होती, माणूस उजेडात आला की कळतो म्हणून. त्यांनी सुरुवात इतकी गोड केली की मागच्या रांगेतली मुलंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकू लागली. अध्यक्षांना मंचावर बसवलं, पाणी दिलं, नाशिकच्या बालपणाबद्दल बोलतं केलं. आणि मग पुढे वाकले. "थेट विचारतो, राग मानू नका. दरवर्षी पहिल्या आरतीचा मान तुम्हालाच कसा मिळतो?" हॉलमध्ये अशी टाळी पडली की अध्यक्षांना वाटलं आपल्यासाठीच आहे, ते हात जोडून उभे राहिले. वाघधऱ्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी पहिल्या आरतीला मात्र चिठ्ठी टाकण्यात आली.

मग त्यांनी इंटरनेटवर स्वतःचं चॅनेल काढलं. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे दुपारच्या चहाच्या वेळी, ते आपल्या स्वयंपाकघरातून थेट प्रक्षेपण करत. मागे एक निळी चादर बांधलेली, फोन हरभऱ्याच्या डब्यांच्या उतरंडीवर टेकवलेला. पाहुणा यायला कोणी तयार नसे, त्यामुळे समोर एक रिकामी खुर्ची ठेवून ते तिलाच प्रश्न विचारत. मंत्र्यांपासून मालिकांच्या निर्मात्यांपर्यंत सगळे त्या खुर्चीत येऊन गेले. बघणारे मूठभरच होते. आवाज नीट जाईना म्हणून त्यांनी मानसीला बोलावलं, आणि ती अशाच कामात असल्यामुळे चॅनेलच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. मला ही गोष्ट मुळीच आवडली नाही. उद्या काही झालं तर नाव आपलं येईल, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "तुझं ना, सगळ्यांवर डाउट घ्यायचं फुल-टाइम चालू आहे."

त्या चॅनेलवर 'खरा मावळा' नावाचा एक माणूस दर रविवारी न चुकता शिव्या घालायचा. नावाशेजारी जबडा फाडलेल्या वाघाचं चित्र. कार्यक्रम सुरू झाला रे झाला की हा हजर. सुरुवातीला मी त्या शिव्या चवीने वाचत असे. मग हळूहळू मला त्यांत काहीतरी चमत्कारिक वाटायला लागलं. 'गद्दारा, घसा बसलाय तुझा. मिठाच्या गुळण्या कर आणि मग देशाविरुद्ध गरळ ओक.' 'मागच्या आठवड्यापेक्षा वाळलायस. पाप भोगतोयस. दोन वेळा नीट जेव आणि भोग.' एकदा मफलर जरा खाली सरकला होता, तर लगेच: 'कान झाक हरामखोरा, ऐकायला तरी शिल्लक ठेव.' आणि वाघधरे या माणसाला कधी उलट बोलत नसत. शिवी वाचून दाखवत, अगदी सावकाश, एकेक शब्द चाखत, आणि शेवटी म्हणत, "नोंद घेतो."

मला उलगडा झाला. हा वाघ म्हणजे स्वतः वाघधरे. आपल्या जिवाला धोका आहे हे सरकारला दाखवायला पुरावा नको का? मग स्वतःच स्वतःला शिव्या घालायच्या. पण माणूस स्वतःला मनापासून शिव्या घालू शकत नाही, म्हणून मधेच गुळण्या आणि जेवण येतं. मी हा सिद्धांत वॉटफर्डच्या जोशांना फोनवर ऐकवला. ते इतके खूश झाले की त्यांनी तो आपलाच म्हणून पुढे पाठवला.

मानसीचं मत साधं होतं. म्हाताऱ्या, एकट्या माणसाला कोणी दर आठवड्याला हरामखोर म्हणतं हे तिला सहन होत नव्हतं. दिवाळीत तिने त्यांच्याकडे फराळाचा डबा दिला आणि घरी येऊन लॅपटॉप उघडून चॅनेलची साफसफाई केली. घाण बोलणारे जेवढे होते तेवढे सगळे ब्लॉक. वाघ सगळ्यात आधी. अशी सोय असते की ब्लॉक झालेल्याला काही कळत नाही. तो लिहीत राहतो आणि ते कोणालाच दिसत नाही. तिने हे वाघधऱ्यांना सांगितलं नाही. चॅनेल स्वच्छ दिसलं की त्यांनाच छान वाटेल, म्हणाली.

दिवाळीनंतर वाघधरे बदलले. पहिल्या रविवारी ते कार्यक्रमात अधूनमधून थांबून फोनकडे बघत राहिले. दुसऱ्या रविवारी रिकाम्या खुर्चीला काय विचारायचं तेच विसरले. आमच्या दारावरून जाताना केसांवरून हात फिरवेनासे झाले. एकदा मला कुंपणाशी गाठून त्यांनी विचारलं की तुमच्याकडे तिकडची वर्तमानपत्रं येतात का, ज्यांत निधनवार्ता असतात ती. मी येत नाहीत म्हणालो आणि घरी येऊन मानसीला सांगितलं की हा स्वतःच्या निधनाची बातमी छापून आणणार, लिहून ठेव. नंतर त्यांच्या दाराशी भरलेली सूटकेस दिसली. भाडं बुडवून चाललाय, हे मी ओळखलं. घरमालकाला कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले.

शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. फोनवर बघतो तर वाघधरे. कॅमेऱ्यासमोर सरळ उभे. उजवी बाजू नाही, डावी नाही, अख्खा चेहरा, आणि तो बघून मी दार उघडायला जवळजवळ धावलोच. आत आल्यावर त्यांनी पडद्यामागे पाहिलं नाही, खुर्ची भिंतीकडे सरकवली नाही. बसले. मानसी चहा ठेवायला आत गेली. आमचं स्वयंपाकघर बसायच्या खोलीला लागूनच आहे.

"बँकवाले, थेट विचारतो, राग मानू नका," ते म्हणाले. "मिरजेकडं तुमचं कोणी आहे का?"

माझ्या तोंडून 'कशाला' निघून गेलं, आणि ते चौकशीच्या सुरात निघालं हे मलाही ऐकू आलं.

"एका घरावरून जायचंय. नुसतं जायचं. थांबायचं नाही, विचारायचं नाही. दारात रांगोळी आहे का तेवढं बघायचं. ती रोज स्वतः घालते. रांगोळी असली म्हणजे माणूस आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण, अक्का, मिरजेला असते. आई लहानपणीच गेली, अक्कानेच त्यांना वाढवलं. नदीत डुंबताना त्यांच्या डाव्या कानात पाणी जाऊन कान फुटला होता. तेव्हापासून गार वारा लागला की तो ठणकायचा आणि अक्का लसणाचं कोमट तेल घालायची. नटाचा कान अधू आहे असं कळलं तर काम मिळणार नाही म्हणून त्यांनी ही गोष्ट आयुष्यभर लपवली. त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं, पण ते लग्न मालिकेच्या आधीच संपलं होतं.

अक्काचा मुलगा त्याच शिक्षणसंस्थेत शिक्षक होता, ज्या संस्थेच्या मालकांना यांनी सोफ्यावर बसवून थेट विचारलं होतं. यांचा फोन अक्काकडे गेला की दुसऱ्या दिवशी दोन माणसं तिच्या दारात. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मुलाला कामावरून काढायची भाषा झाली. तेव्हा अक्काने सगळ्या गल्लीसमोर सांगितलं की तो आम्हाला मेला, त्याचं नाव या घरात निघणार नाही. यांनी फोन बंद केले. पत्र नाही, निरोप नाही. काही महिन्यांनी चॅनेलवर एक वाघ आला आणि म्हणाला की गद्दारा, डावा कान झाकून बस, थंडीत तोच दुखतो तुझा.

"ठरवलेलं काही नव्हतं," वाघधरे म्हणाले. "तिचं तिनं शोधून काढलं. शिव्या कुठं शिकली काय माहीत. साधं मूर्ख म्हणायची नाही कधी."

शिव्या देणाऱ्याची कोण चौकशी करणार? गल्लीत कोणी तिचा फोन पाहिला तरी वाघच दिसणार. दर रविवारी ती कार्यक्रम बघायची, ओरडायची आणि तेवढ्याने यांना कळायचं की ती आहे, डोळे शाबूत आहेत, अजून चिडते. दिवाळीपासून वाघ आला नव्हता. आता ते दोन गोष्टींपैकी एक करणार होते. फोन केला तर माणसं दारात येणार आणि भाच्याची नोकरी जाणार. नाहीतर सूटकेस घेऊन सरळ जायचं. उतरल्यावर उचलतील, पण उचलण्याआधी कोणीतरी तिच्याबद्दल सांगेल. त्यांनी याच गोष्टीचा विचार जास्त केलेला दिसत होता. म्हणून मिरजेचं विचारायला ते आले होते, आणि ते विचारायला त्यांना ज्या एकाच माणसाचं घर जवळ होतं तो मी होतो, ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्त संशय होता.

आत गॅसवर चहा उतू गेला. मानसी हातात गाळणं घेऊन दारात उभी होती.

"काका," ती म्हणाली, "तो वाघ मी ब्लॉक केला. दिवाळीत. मला वाटलं, तुम्हाला त्रास देतोय."

वाघधऱ्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. सपाताच होत्या. माझ्या मनात आलं की आता हे उठून जाणार, आमच्याही नावाची पाकिटं भिजवून लगदा करणार. ते म्हणाले, "म्हणजे ती लिहीत असंल?"

"असतील. पण मला खात्रीने सांगता येत नाही. जुनं आता दिसणार नाही."

तिने तिथेच लॅपटॉप उघडला, वाघाला मोकळं केलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी काय करावं ते न कळून गॅस पुसत बसलो. माझा सिद्धांत वॉटफर्डपर्यंत पोचला होता आणि परत बोलावता येत नव्हता.

रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. बेल वाजवली तर झाकण वर गेलं नाही, थेट दार उघडलं. सूटकेस अजून तिथेच होती. स्वयंपाकघरात निळी चादर बांधून झाली होती आणि वाघधरे खुर्चीत बसले होते. मफलर काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता. त्यांचा डावा कान मी पहिल्यांदा पाहिला. त्यात यंत्र नव्हतं. लहानसा, लालसर, चारचौघांसारखा कान होता. डाव्या हाताची खिडकी त्यांनी सताड उघडली होती, नोव्हेंबरचा वारा सरळ त्या कानावर येत होता आणि मागची चादर फडफडत होती. मानसी म्हणाली, "काका, खिडकी लावू का?" ते म्हणाले, "हात लावायचा नाही."

कार्यक्रम सुरू झाला. रिकाम्या खुर्चीत त्यांनी त्या दिवशी त्या बड्या नेत्यांनाच परत बसवलं आणि वसतिगृहाचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. मूठभर लोक आले. नमस्कार दादासाहेब, साताऱ्याहून बघतोय, आवाज छान येतोय. वाघ नाही. ते बोलत राहिले. कॅमेऱ्याला त्यांनी डावी बाजू दिली होती. एवढ्या वर्षांत ज्या बाजूने कोणी त्यांचा फोटो काढला नव्हता ती बाजू गारठ्यात धरून ते बसले होते, आणि कान ठणकत असणार, कारण बोलता बोलता त्यांचा डावा डोळा मिटत होता. मानसीने माझा हात इतका दाबला की मला दुखलं. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या वेळी एका वाघासाठी मी मनात हात जोडले.

त्यांचा आवाज जरा खाली आला. खुर्चीकडे बघत ते म्हणाले की आजचा शेवटचा प्रश्न, आणि प्रश्न काय ते त्यांना आठवेना. मी सूटकेसकडे पाहिलं.

मानसीने फोन माझ्यापुढे धरला. जबडा फाडलेला वाघ, आणि खाली:

'कान उघडा टाकून वाऱ्यात बसलाय निलाजरा. लसणाचं तेल घाल आणि मग बडबड.'

वाघधऱ्यांनीही वाचलं होतं. या वेळी त्यांनी ते वाचून दाखवलं नाही. ते नुसते बसून राहिले, कॅमेरा चालू असताना, आणि दादासाहेबांच्या भूमिकेत जे त्यांना कधी जमलं नव्हतं असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्यांनी मांडीवरचा मफलर उचलला, सावकाश झटकला, डाव्या कानावरून घेऊन गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि शेवट आत खोचला.

"आमच्या एका कडव्या विरोधकांनी सूचना केली आहे," ते प्रेक्षकांना म्हणाले. "नोंद घेतो."

आणि ते उठून खिडकी लावायला गेले. खिडकी त्यांना लवकर लागेना, की त्यांना वळायचंच नव्हतं, मला सांगता येणार नाही. तिकडे मिरजेत बराच वेळ नुसत्या दोन रिकाम्या खुर्च्या दिसत असणार.